बाईचं माप

त्या रस्त्यावर काहीही वाकडं झालं की लोक म्हणत, "बाईचं माप." दाराची चौकट तिरकी बसली, नव्या सदऱ्याची एक बाही आखूड आली, कपाटाचा खण अडकला, सगळ्याला तेच. कोपऱ्यावरचा सलूनवाला तर एक कल्ला वर नि एक खाली गेला की आरशात बघून स्वतःच म्हणायचा, "झालं का बाईचं माप," आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून हसायचं. यातल्या निम्म्या लोकांना ही बाई कोण, हे माहीतही नव्हतं. बोलायला बरं पडतं म्हणून बोलत.

बाईला मात्र माहीत होतं. ती त्याच रस्त्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड कातायचा लेथ चालवत होती.

लेथ वडिलांचा. वडील टर्नर होते आणि मुलगा नसल्याची खंत करत बसण्यापेक्षा त्यांनी मापं घ्यायचा व्हर्नियर मुलीच्या हातात दिला. सातव्या वर्षी ती घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं मोजून बसली होती. सतराव्या वर्षी फिरत्या लोखंडाच्या आवाजावरून टूल बोथट झालंय का, हे ती पाठमोरी सांगायची. वडील कौतुक करत नसत. काम झालं की तो तुकडा हातात घेऊन अंगठ्यानं कड चाचपत आणि परत ठेवून देत. परत ठेवणं म्हणजे पास. लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर हा लेथ सासरी आला. सासू म्हणाली होती, "सुनेचं सामान उतरवायला क्रेन लागली, असं आमच्याकडे प्रथमच."

सासरी टायरचं आणि चाकांचं दुकान होतं. पुढे नवरा आणि दीर, मागे ती. गिऱ्हाईक पुढे यायचं, माप मागे यायचं. दीर भिंतीपलीकडून आकडा ओरडून सांगायचा, ती तो खडूनं पत्र्यावर लिहायची आणि त्याबरहुकूम काम करून द्यायची. अशी चौदा वर्षं गेली.

मग कवायतीच्या मास्तरांची गाडी आली. मास्तर शाळेत मुलांना कवायत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात गाडी घेऊन जात. गाडी जुनी, चौकोनी, चारही चाकांना जोर असलेली. त्यांना रुंद टायर हवे होते. रुंद टायर आत घासतात, म्हणून चाक बाहेर घ्यावं लागतं, आणि चाक बाहेर घ्यायचं तर चाक आणि गाडी यांच्यामध्ये एक जाड चकती बसवावी लागते. चकतीला पाच भोकं, कारण गाडीला पाच बोल्ट.

"वहिनी, एकशे तेहतीस," दीर पलीकडून ओरडला.

तिनं ॲल्युमिनियमच्या चार चकत्या केल्या. भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ बरोबर एकशे तेहतीस मिलीमीटर. दुसऱ्याच रविवारी उतारावर मास्तरांच्या गाडीचं मागचं डावं चाक निखळलं. गाडी कलंडली. मास्तरांच्या गुडघ्याचा चुरा झाला. चाक उचलून आणणारा मेकॅनिक दुकानासमोर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "भोकं गोल नाहीत हो, लांबट आहेत. नट धरणार कशाला?" आणि दिरानं क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "माप वहिनींचं होतं."

एवढंच. तीन शब्द. चकत्या त्यानं त्याच संध्याकाळी भंगारात घातल्या.

तिनं गोल भोकं पाडली होती. ती लांबट कशी झाली, हे तिला तिसऱ्या दिवशी कळलं. कागदावर वर्तुळ काढून तिनं पाच ठिपके मांडले आणि पट्टी लावली. चाकाला सहा भोकं असतील तर काम सोपं असतं. प्रत्येक भोकाच्या बरोबर समोर एक भोक असतं. या मध्यापासून त्या मध्यापर्यंत व्हर्नियर लावला की आकडा मिळतो. पाचांचं तसं नाही. पाचांत कुणाच्याच समोर कुणी नसतं. समोर पाहावं तर दोघांच्या मधली रिकामी जागा. सहाची सवय झालेला माणूस त्या दोघांपैकी एकाला धरतो, मोजतो आणि मोकळा होतो. आकडा कमी येतो. एकशे चाळीसच्या जागी एकशे तेहतीस. चकत्या बसल्या नसणार. तेव्हा चूक झाली म्हणून मागे येण्याऐवजी दिरानं गोल कानस घेतली आणि भोकं बाहेरच्या बाजूला घासून घासून चकत्या बसवल्या.

तिनं तो कागद सगळ्यांपुढे धरला. दीर हसला. "आता वहिनी ठिपक्यांची साक्ष काढणार." मास्तर, जे पूर्वी तिला "आमच्या इंजिनीयर" म्हणत, त्यांनी तिला पाहून रस्ता ओलांडायला सुरुवात केली, आणि तोही कुबडी घेऊन. हे सगळं तिनं गिळलं असतं. पण त्या रात्री नवऱ्यानं, अगदी हळू आवाजात, विचारलं होतं, "ऐकताना तर काही चुकलं नाही ना तुझं?"

महिन्याभरात तिनं लेथ तिथून उचलला आणि मागच्या गल्लीतली शेड घेतली. नवरा तिच्यामागून आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणाचंच मन मोडवत नसे, आणि त्यामुळे नेहमी तिचंच मोडायचं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं तिनं दात धरला, आणि दात धरूनही काम चोख केलं. पंपाचे दांडे, शिवणयंत्राचे भाग, दवाखान्यातल्या खाटांची चाकं. प्रत्येक माप आता ती कागदावर लिहून घ्यायची, देणाऱ्याच्या अक्षरात. लोक कुरकुरत. "काय हो बाई, कोर्टात जायचंय का?" ती म्हणायची, "काय सांगावं."

तर एका सोमवारी दीर शेडच्या दारात उभा राहिला. बूट चकचकीत, हातात गाडीची किल्ली फिरवत.

"वहिनी, जुनं उगाळायचं नाही, असं ठरवून आलोय."

"कुणी ठरवलं?"

"मीच."

"मग ठीक आहे. मी काही ठरवलेलं नाही. बसा."

बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर तेलाचा डबा होता. तो उभाच राहिला. त्यानं सांगितलं ते असं. मास्तरांची ती गाडी त्यानं तेव्हाच भंगाराच्या भावात घेऊन ठेवली होती. आता तिला नवा रंग, नवं इंजिन, सगळं झालं होतं. डोंगरात गाड्या नेणाऱ्यांच्या मंडळानं त्याला अध्यक्ष केलं होतं, आणि येत्या रविवारी चौदा गाड्या त्याच्या गाडीमागून नदीचं पात्र ओलांडणार होत्या. त्यासाठी त्यानं काळी, रुंद, देखणी चाकं मागवली होती. चाकं कुठल्याशा दुसऱ्याच गाडीची.

"गाडीला पाच बोल्ट, चाकाला सहा भोकं," तो म्हणाला. "सोयरीक तुम्हीच जुळवू शकता."

"शहरात मोठी वर्कशॉपं आहेत की."

"ते ड्रॉइंग मागतात. आणि दोन महिने थांबा म्हणतात."

म्हणजे नाक मुठीत धरून आला होता, फक्त मूठ खिशात ठेवून. तिनं ड्रॉवरमधून कार्ड काढलं. "लिहून द्या."

त्यानं उभ्याउभ्या लिहिलं. गाडी, पाच, १३३. चाक, सहा, १४०. खाली भली मोठी सही.

तिनं ते कार्ड हातात धरलं. शेडमध्ये कम्प्रेसर चालू होता, तो आपोआप बंद पडला आणि एकदम शांत झालं. अकरा वर्षांत या माणसाला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. ठिपक्यांचा कागद तिनं त्याच्या नाकासमोर धरला होता आणि त्यानं तो पाहिलाही नव्हता.

"नक्की ना?" तिनं विचारलं.

"वहिनी."

"परत मोजून या हवं तर. घाई नाही."

"पंचवीस वर्षं चाकं लावतोय. माप चुकायचं काम..." तो थांबला, मग हसला. "आमच्याकडे नाही."

तिनं दोनदा विचारलं होतं. त्यात दयामाया नव्हती. नंतर त्याला पळायला वाट राहू नये, एवढ्यासाठीच विचारलं होतं.

मंगळवारी नवरा गाडी घेऊन शेडवर आला. नवं चाक पुढून नुसतं टेकवून पाहिलं तरी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत स्प्रिंगला घासेल असं दिसत होतं. चकती किती जाड हवी, ते बघायला दिरानं गाडी धाडली होती. तिनं जॅक लावला, जुनं चाक उतरवलं आणि गाडीसमोर उकिडवी बसली. अकरा वर्षांनी ते पाच बोल्ट तिला दिसले. खरं तर पहिल्यांदाच दिसले. तेव्हा ती भिंतीच्या मागे होती.

तिनं चाक ज्यावर बसतं त्या हबच्या मध्यापासून एका बोल्टच्या मध्यापर्यंत मोजलं. दुप्पट केलं. मग दुसऱ्या बोल्टवरून तेच, तिसऱ्यावरून तेच. खडूनं जमिनीवर लिहिलं: १४०. बाजूला कार्ड ठेवलं.

नवरा वाकून बघत होता. तो एकदा खडूकडे, एकदा कार्डाकडे बघत राहिला.

"हे त्याचं अक्षर," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तेव्हाही..."

"हो."

त्यानं टोपी काढली आणि परत घातली. "मग सांग त्याला."

"अकरा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही काय विचारलंत, आठवतं?"

आठवत होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आता काय करणार?"

"त्यांनी लिहून दिलंय ते."

"अगं, बसणार नाही ती. तो कानस लावेल. आणि या वेळी कुणीतरी जिवानिशी..."

"लावू दे कानस," ती म्हणाली. "त्याचीच वाट बघतेय."

आधी तिनं खऱ्या चकत्या केल्या. बुधवार, गुरुवार त्यातच गेले. बत्तीस मिलीमीटर जाड, म्हणजे चाक स्प्रिंगपासून दोन बोटं लांब राहील आणि बाहेर इतकंही येणार नाही की बेअरिंगवर भार पडेल. नव्या चाकाचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं होतं. चाकाचं वजन नुसत्या बोल्टांवर लोंबकळू नये म्हणून चकतीला तिनं बाहेरून एक उंच कड ठेवली, चाक त्या कडेवर घट्ट बसावं अशी. पाच भोकं एकशे चाळीसवर, त्यांच्या मधून सहा नवे बोल्ट. नटांचं तोंड निमुळतं, कारण चाकाची भोकं निमुळती होती. पोलादाचा किस निळा होऊन गुंडाळत खाली पडत होता. शेवटची चकती झाल्यावर तिनं अंगठ्यानं कड चाचपली आणि परत ठेवली.

मग शुक्रवारी पाचवी चकती.

तिच्यासाठी तिनं ट्रकच्या मोडक्या ॲक्सलच्या टोकाचं जाड ताट निवडलं होतं. चिवट जात. भोकं एकशे तेहतीसवर पाडली, कार्डावर होती तशी, केसभरही इकडेतिकडे नाही. नंतर भट्टी पेटवली. लोखंड लालभडक करून एकदम थंड केलं की ते इतकं कडक होतं की त्यावर कानस चालत नाही. याला पाणी पाजणं म्हणतात. पाजतात मात्र तेल. असं लोखंड रस्त्यावर कामाचं नसतं, धक्क्यानं काचेसारखं तडकतं. पण ही चकती रस्त्यावर जाणारच नव्हती.

चकती जड होती. एका सांडशीनं तोल जात होता. नवरा इतका वेळ दारात उभा होता. तो पुढे आला, त्यानं दुसरी सांडशी घेतली आणि समोरची कड पकडली. दोघांनी मिळून ती तेलात सोडली. तेल चरचरलं, धूर छतापर्यंत गेला.

"कुणाला पाजतेयस?" त्यानं विचारलं.

"लोखंडाला," ती म्हणाली. "आधी."

शनिवारी दुपारी चारला दिराच्या दुकानासमोर मंडळातले सात-आठ जण जमले होते. गाडी जॅकवर, चाकं भिंतीला टेकवून धुऊनपुसून ठेवलेली. शेजारच्या सलूनच्या बाकावर मास्तर पेपर वाचत होते, काठी गुडघ्याला टेकवून. सलूनवाला एकाला फेस लावून तसाच बाहेर आला होता; चाकं बघायची होती.

तिनं पिशवीतून एकच चकती काढली. नवऱ्याच्या हातातली पेटी तिनं त्याला खाली ठेवू दिली नाही.

"आधी एक लावून बघा," ती म्हणाली. "तुमच्या मापाची आहे."

"वा," दीर म्हणाला आणि मंडळाकडे वळला. "आमच्या वहिनी. घरचंच काम."

त्यानं चकती बोल्टांसमोर धरली. एक बोल्ट शिरला. दुसरा शिरला नाही. त्यानं ती फिरवली, खालून धरली, तळहातानं ठोकली.

"जरा टाइट आहे," तो म्हणाला. "कडेला धातूची खरबरीत बर राहिली असेल."

"असेल," ती म्हणाली.

सलूनवाला बाकाच्या दिशेनं हळूच बोलला, "बाईचं माप, दुसरं काय." पेपरामागून मास्तर हुंकारले. तिला ते ऐकू आलं, आणि बरं वाटलं. हवंच होतं ते.

दिराचा हात मागे गेला. त्यानं वळून पाहिलंही नाही. भिंतीवर दुसऱ्या खिळ्याला गोल कानस लटकत होती, तिथेच, पंचवीस वर्षं लटकत होती तिथेच. हाताला रस्ता पाठ होता. त्यानं चकती गुडघ्यावर घेतली, कानस भोकात घातली आणि बाहेरच्या बाजूला जोर दिला.

कानस सटकली. काचेवर नख ओढावं तसा आवाज आला. त्यानं परत जोर दिला. परत सटकली. भोकाच्या कडेवर एक ओरखडाही नव्हता. कानसेचे दात मात्र झिजून चकाकले.

"हे काय लोखंड आहे," तो पुटपुटला.

"मागच्या वेळी ॲल्युमिनियम होतं," ती म्हणाली. "तेव्हा घासलं गेलं."

आवाज तिनं मुद्दाम चढवला नव्हता. पण सलूनवाल्याच्या हातातला ब्रश थांबला, आणि पेपर खाली आला.

दीर उठला. "वहिनी, काय बोलताय?"

तिनं पदराआडून कार्ड काढलं आणि मंडळातल्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या हातात दिलं. "वाचा हो जरा. आणि सही कुणाची ते पण."

तो वाचू लागला. नवरा पेटी छातीशी धरून उभा होता. दिरानं त्याच्याकडे पाहिलं. "दादा, सांग ना काहीतरी."

"हिनं मोजताना मी पाहिलंय," नवरा म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं मन मोडलं, आणि त्यातही त्याचा आवाज चिरकला.

तिनं पिशवीतून व्हर्नियर काढून दिरापुढे धरला. "बरोबर चकत्या पेटीत आहेत. चारही. हव्यात ना?"

त्यानं पेटीकडे पाहिलं. उद्या सकाळी चौदा गाड्या यायच्या होत्या.

"मग मोजा. या बोल्टवरून त्या बोल्टवर नाही. हबच्या मध्यापासून बोल्टच्या मध्यापर्यंत. बसून मोजा, उभ्यानं दिसत नाही."

तो गुडघ्यावर बसला. चकचकीत बूट मागे दुमडले. व्हर्नियर दोनदा घसरला, तिसऱ्यांदा नीट लागला.

"सत्तर," तो म्हणाला.

"दुप्पट?"

"एकशे चाळीस."

"मास्तरांना ऐकू आलं नसेल."

"एकशे चाळीस."

"आणि कार्डावर?"

"एकशे तेहतीस."

"आणि याच गाडीसाठी, याच बोल्टांचं, अकरा वर्षांपूर्वी भिंतीपलीकडून मला काय सांगितलं होतं?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. कुणी बाजूला झालं नाही, ती वळसा घालून गेली. दीर त्या पाच बोल्टांकडे बघत बसला होता. त्यांच्यापैकी कुणीच कुणाच्या समोर नव्हता.

"तेच," तो म्हणाला.

मास्तर काठी टेकत उठले. त्या माणसाला उठायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. ते दिराजवळ गेले, त्याच्या हातातली कानस घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि परत खिळ्याला लावली. मग तिच्याकडे वळले. "बाई, मी..."

"तुमचा गुडघा थंडीत दुखत असेल," ती म्हणाली. "माझंही दुखायचं. बसा जा."

ते तसेच परत जाऊन बसले. अकरा वर्षांचं एका वाक्यात फिटावं, असं तिला वाटत नव्हतं.

चारही चकत्या तिनं स्वतः लावल्या. हातानं सरकवल्या आणि त्या आपोआप जागेवर गेल्या, बोल्टांवरून घसरत, टक्क आवाज करत. नट एकाआड एक आवळले. चाकं चढवली, स्टिअरिंग इकडून तिकडे पूर्ण फिरवून दाखवलं. कुठेही घासलं नाही. गाडी खाली उतरली तेव्हा ती खरोखर देखणी दिसत होती, आणि तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. दीर आत गेला होता. पाचवी चकती तिनं उचलली, पिशवीत घातली. ती शेडच्या दारावर टांगायची, हे तिनं शुक्रवारीच ठरवलं होतं. खिळाही ठोकून ठेवला होता.

सलूनवाला खुर्चीकडे परतला. फेस वाळून गेला होता. आतून त्याचा आवाज आला, "अरे अरे, मिशी एका बाजूला खाली गेली की हो. झालं बघा, अध्यक्षांचं माप." गिऱ्हाईक हसलं. बाहेरही दोघेतिघे हसले.

तिनं ते वाक्य नीट ऐकून घेतलं. उद्यापर्यंत गल्लीच्या टोकाला पोहोचेल, परवा शाळेत.

परतताना नवरा दोन पावलं मागे चालत होता. पेटी रिकामी होती तरी त्यानं ती दोन्ही हातांत धरली होती. वळणावर तो म्हणाला, "माझंही चुकलं होतं. तेव्हा विचारलं ते."

ती चालत राहिली.

"काही बोलशील की नाही?"

"बोलायचं काय त्यात," ती म्हणाली. "तुमची चकती अजून करायची आहे. माप घेतलेलं आहे."

तो थबकला. मग भराभर चालत तिच्या बरोबरीनं आला आणि तिच्या हातातली जड पिशवी मागितली. तिनं ती दिली नाही.